सोलापूरहून मुंबई, सहा जण आणि जोडून आलेला सोमवार: आधी परतीचं ठरवा

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजून घेतलं असेल तर लगेच कळेल. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली आहे. निघणार सहा जण: तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, बहात्तर वर्षांचे वडील आणि अडुसष्ट वर्षांची आई. आईंचे गुडघे दुखतात. सोलापूरहून रेल्वेनंच जायचंय. यादीत गेटवे, एलिफंटा, राणीची बाग, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, तारापोरवाला मत्स्यालय, एस्सेलवर्ल्ड आणि जुहू आहे. कोणती गाडी घ्यावी आणि तीन दिवसांत हे सगळं कसं बसवावं, असं तुम्ही विचारलंय.

सोलापुरातून आपापलं जाणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण स्थळांची यादी घेऊन येतो आणि मी ती बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारते, "परत कधी आणि कशानं यायचंय?" जोडून आलेल्या सुट्टीत जायचं तिकीट कसंबसं मिळून जातं, घोटाळा होतो तो परतीचा. सोमवारी दुपारनंतर मुंबईत आलेले सगळे एकदमच घराकडे निघतात. मंगळवारी शाळा असते, कचेरी असते. परतीचं नक्की नसलं की रविवारपासूनच घरातला कर्ता माणूस मोबाइल हातात घेऊन वेटिंग किती उतरलं ते बघत बसतो. तो सहलीला आलेला असूनही सहलीत नसतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: परतीची गाडी, मग जायची गाडी, मग मुक्कामाची जागा आणि सगळ्यात शेवटी स्थळं. स्थळं आधी धरली की बाकी सगळं त्यांच्यामागे फरफटत जातं.

काही गोष्टी तुमच्यावरच अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. आई एका दमात किती पायऱ्या चढू शकतात, सुट्टी पावसाळ्यातली आहे की थंडीतली, आणि दोन खोल्यांचं भाडं झेपणार आहे की एकाच मोठ्या खोलीत भागवायचंय, यावर पुढचं बरंच बदलतं. मी धरून चालते की आई सपाटीवर हळूहळू चालू शकतात, पण एक मजला चढणंही त्यांना जड जातं.

आता परतीचं. तुमच्यासाठी कामाचे पर्याय दोन. सोमवारी दुपारी चारच्या सुमारास सीएसएमटीहून सुटणारी सोलापूर वंदे भारत, ती रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास सोलापुरात पोचवते. किंवा सोमवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, ती मंगळवारी सकाळी पोचवते. कागदावर सिद्धेश्वर जास्त फायद्याची दिसते, कारण सोमवारचा पूर्ण दिवस हाती राहतो. तरी तुमच्या घरासाठी मी वंदे भारतच निवडेन.

त्याचं कारण सांगते. सिद्धेश्वर धरली तर सोमवारी सकाळी हॉटेल सोडल्यापासून रात्री साडेदहापर्यंत तुम्ही सामान, दोन मुलं आणि दोन वडीलधारी माणसं घेऊन रस्त्यावर असता. बारा तास टेकायला जागा नाही आणि दुपारी आईंना पाय लांब करायला पलंग नाही. संध्याकाळी सात ते दहा हा वेळ स्टेशनावर काढताना चार वर्षांचा मुलगा कसा वागेल, ते तुम्हालाच ठाऊक. आणि मंगळवारी सकाळी उतरल्यावर मुलीला तासाभरात शाळेत पाठवायचं. वंदे भारतनं आलात तर रात्री घरी, स्वतःच्या अंथरुणात झोप आणि सकाळी शाळा. सोमवारची संध्याकाळ हातची जाते, पण ती तशीही सामानावर नजर ठेवण्यातच गेली असती.

वंदे भारतची एक अडचण आहे. साडेसहा तास बसून यायचं. गुडघेदुखीला सलग बसणंही त्रासाचं असतं, म्हणून आईंना मधल्या वाटेलगतची जागा द्या, म्हणजे तासाभरानं उठून डब्यातल्या डब्यात दोन फेऱ्या मारता येतील. चार वर्षांच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग त्याला जागाही मिळत नाही. एवढा वेळ मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा त्याचं पूर्ण तिकीट काढून जागा घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना बर्थ न घेता अर्धं तिकीट मिळतं, पण ती सवलत खुर्चीच्या डब्यात चालत नाही. तिथे मुलीचं तिकीट पूर्णच लागेल. हिशेबात आधीच धरा.

जायला मात्र शुक्रवार रात्रीची सिद्धेश्वर उत्तम. रात्री साडेदहाच्या पुढे सोलापूरहून निघते आणि सकाळी सातच्या आत सीएसएमटीला लागते. मुलं घरून जेवूनच निघतात, त्यामुळे डब्यात शिरली की झोपतात. शनिवारी सकाळची वंदे भारत घेतली तर पोचायलाच दुपारचे साडेबारा होतात, म्हणजे अर्धा शनिवार गेला. सिद्धेश्वरचं तिकीट नाहीच मिळालं तर तो दुसरा पर्याय आहे, वाईट नाही.

या दोन्ही गाड्यांचा सोलापूरकरांना एक मोठा फायदा आहे. दोन्ही सोलापुरातून सुटतात. त्यामुळे सोलापूर ते मुंबई तिकिटांचा कोटा मोठा असतो आणि वेटिंग आलंच तर ते सर्वसाधारण प्रतीक्षा यादीतलं असतं, जे सगळ्यात आधी उतरतं. उद्यान, कोणार्क, हुसेनसागर या गाड्या सोलापूरवरून जातात खऱ्या, पण दुसरीकडून येतात. मधल्या स्टेशनांना त्यांत थोड्याच जागा असतात आणि त्यांची प्रतीक्षा यादी हलायला फार वेळ घेते. वेटिंग पंधरा दिसतंय म्हणून दोन्हीकडे सारखीच आशा धरू नका. आणि जोडून आलेल्या सुट्टीत तिकीट रद्द करणारे मुळातच कमी असतात. आरक्षित डब्यात वेटिंगवर चढायची सोय आता राहिलेली नाही, ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावर वेटिंगलाच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. वडीलधाऱ्यांना घेऊन वेटिंगच्या भरवशावर स्टेशनावर जाऊ नका, एवढं माझं ऐका.

बुकिंगचा दिवस नीट समजून घ्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. हिशेब केलात तर शुक्रवारच्या गाडीचं बुकिंग एका सोमवारी सकाळी आठला उघडेल आणि परतीच्या सोमवारच्या गाडीचं त्याच आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी आठला. म्हणजे जायचं तिकीट हातात आलं तरी मधले तीन दिवस परतीचं काय होणार ते माहीत नसतं. बरेच जण याच तीन दिवसांत उत्साहानं हॉटेलचे पैसे भरून मोकळे होतात. तसं करू नका. गुरुवारी सकाळी परतीचं तिकीट पक्कं झालं की मगच हॉटेल. नाहीच झालं तर जायचं तिकीट रद्द करायला तुमच्याकडे जवळजवळ दोन महिने असतात आणि इतक्या आधी रद्द केलं तर कापली जाणारी रक्कम लहान असते.

तत्काळवर परतीचा भरवसा ठेवू नका. तत्काळ गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि इतर डब्यांसाठी अकराला. तुमच्या बाबतीत ती वेळ रविवारी सकाळी दहाची येते, म्हणजे नेमके तुम्ही राणीच्या बागेत मुलाचा हात धरून उभे असाल तेव्हाची. शिवाय तत्काळच्या एका तिकिटावर चारच माणसं बसतात. तुमची एकाऐवजी दोन तिकिटं होतील आणि एक पक्कं, दुसरं वेटिंग असं झालं तर काय करणार?

आता रात्रीच्या बर्थविषयी, कारण आईंची सहल सुखाची होणार की नाही हे इथंच ठरतं. सहाही जणांचं एकच तिकीट काढलं की सगळे जवळ येतील, असं वाटणं साहजिक आहे. पण रेल्वेत ज्येष्ठांसाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या महिला त्यात बसतात, मात्र तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी हवेत. म्हणून आई-वडिलांचं तिकीट वेगळं काढा आणि कोट्याच्या जागी लोअर बर्थ, ज्येष्ठ नागरिक हा पर्याय निवडा. तुमचं चौघांचं वेगळं. मुलगी नऊची आहे, तिला बर्थसह तिकीट घ्या. धाकट्याचं तिकीट नाही काढलं तरी फॉर्ममध्ये त्याचं नाव भरा.

यात धोका एवढाच की दोन तिकिटं वेगवेगळ्या डब्यांत येऊ शकतात. ते चालवून घ्या. आईंना खालची जागा नक्की मिळणं हे सगळे एका डब्यात असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. डबे वेगळे आलेच तर गाडी सुटल्यावर टीसींना सांगा आणि आई-वडिलांजवळच्या एखाद्या एकट्या प्रवाशाला जागा बदलता का ते विचारा. लोक बहुधा हो म्हणतात, विशेषतः त्यांना तुम्ही खालची किंवा साइडची जागा देऊ करत असाल तर. वरची जागा देऊन खालची मागितली तर कोणी देत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही.

तिकिटावरचा बर्थ क्रमांक बघूनच तो खालचा की वरचा ते ओळखता येतं. स्लीपर आणि थ्री टायर एसीत आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. क्रमांकाला आठनं भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ मिडल, ३ किंवा ६ अप्पर, ७ साइड लोअर आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. म्हणजे ३३ लोअर, ३६ लोअर, ३९ साइड लोअर, ४० साइड अप्पर. मिडल बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा उघडता येतो. सिद्धेश्वर सुटतेच दहानंतर, त्यामुळे बसल्याबसल्या बर्थ लावून झोपायला हरकत नसते. आईंना गप्पा मारत बसायला आवडत असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा, खालच्या बर्थवर ताठ बसायला तेव्हा जागा उरणार नाही.

थ्री टायर की टू टायर? पैसे थोडे मोकळे सोडता येत असतील तर आई-वडिलांना टू टायर द्या. मधला बर्थ नसल्यामुळे डोकं न वाकवता बसता येतं, आणि गुडघेदुखीच्या माणसाला बसल्यावरून उठणं सोपं जातं. तुम्ही चौघं थ्री टायरमध्ये या.

इथवरचं एकदा एकत्र सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सोमवारी सकाळी आठला सिद्धेश्वरची दोन तिकिटं. गुरुवारी सकाळी आठला वंदे भारतचं सहा जागांचं एक तिकीट, एका तिकिटावर सहाच बसतात आणि तुम्ही नेमके सहा आहात. त्यानंतर हॉटेल. आणि त्यानंतर, स्थळं.

मुक्काम कुठे करायचा यावर दोन मतं आहेत. बरेच सोलापूरकर दादरला राहतात. ओळखीचं वातावरण, मराठी जेवण आणि सगळीकडे जायला मधलं ठिकाण. एरवी मीही दादर सुचवते. पण तुमच्या बाबतीत मी सीएसएमटी-फोर्ट परिसर म्हणेन, आणि त्याचं कारण गुडघेच आहेत. सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन. गाडी तिथे संपते, उतरायची घाई नसते. शिवाय तिथले फलाट समोरच्या मोठ्या दालनात एकाच पातळीवर येऊन संपतात, त्यामुळे जिना न चढता सरळ रस्त्यावर येता येतं. दादरला गाडी थोडाच वेळ थांबते, तेवढ्यात दोन मुलं, चार बॅगा आणि आईंना उतरवायचं आणि मग पूल ओलांडायचा. तिथे सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण सुट्टीच्या सकाळी त्या गर्दीत लिफ्ट शोधत फिरणं आईंसाठी सोपं नाही. परतताना तर सीएसएमटीचा फायदा आणखी मोठा. गाडी तिथूनच सुटते, आधी येऊन लागते, शांतपणे बसता येतं.

हॉटेल ठरवताना फोटो बघून भुलू नका, फोन करा. फोर्टमधल्या जुन्या इमारतींत हॉटेल बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतं. "लिफ्ट आहे का?" असं विचारलं की "आहे" म्हणतात. विचारायचं असं: "रस्त्यावरून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि लिफ्ट रात्रीही चालू असते का?" लिफ्टच्या आधी आठ-दहा पायऱ्या असणाऱ्या इमारती तिथे पुष्कळ आहेत. कमोड आहे का, तेही विचारा. आणि सकाळी सातला खोली मिळेल का, हे पैसे भरायच्या आधीच पक्कं करा. पुष्कळ ठिकाणी खोली दुपारी बाराला मिळते. तसं असेल तर शुक्रवारची रात्रही धरून एक खोली घ्या. एका रात्रीचं भाडं जास्तीचं वाटेल, पण रात्रीच्या प्रवासानंतर आई-वडिलांना सकाळी साडेसातला अंघोळ आणि पलंग मिळणं यावर शनिवार कसा जाणार ते ठरतं. दुसरी खोली दुपारी मिळाली तरी चालेल. ते जमत नसेल तर स्टेशनावरच्या रिटायरिंग रूम बघा, पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर त्या ऑनलाइन मिळतात. जोडून आलेल्या सुट्टीत त्याही लवकर भरतात.

आता यादी. दोन नावं मी सरळ काढून टाकते. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं. तारापोरवाला मत्स्यालयही बंद आहे. आपल्या पिढीनं शाळेच्या सहलीत ते पाहिलंय, त्यामुळे मुलांना दाखवावंसं वाटणं मी समजू शकते. जुहू उत्तरेला लांब आहे, समुद्र गिरगाव चौपाटीवरही तोच आहे, तेही काढा. हाजी अलीच्या वाटेवर भरतीचं पाणी येतं, म्हणजे भरती-ओहोटीची वेळ सांभाळावी लागते, शिवाय चालणंही बरंच आहे. महालक्ष्मीला पायऱ्या आहेत. म्हणून ही दोन्हीही या खेपेला सोडा.

एलिफंटाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ते सोडायला कोणी तयार नसतं. पहिली गोष्ट, लेणी सोमवारी बंद असतात, म्हणजे तुमचा सोमवार बाद. गेटवेहून बोटीनं साधारण तासभर जायला, तासभर यायला. धक्क्यापासून काही अंतर छोट्या गाडीनं जाता येतं, पण पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. डोली मिळते, पण बऱ्याच आयांना डोलीत बसायला संकोच वाटतो, त्यामुळे तुमच्या आईंना विचारल्याशिवाय ती गृहीत धरू नका. चार वर्षांचा मुलगा परतीच्या बोटीत झोपलेला असेल आणि तुम्ही त्याला उचललेलं असेल. यात अख्खा रविवार जातो. या खेपेला एलिफंटा सोडा. त्याऐवजी गेटवेहून बंदरात छोटी फेरी मारून आणणाऱ्या बोटी असतात, त्यात बसा. मुलांना बोट हवी असते आणि तीही मिळते. बोटीत चढता-उतरताना आईंना दोन्ही बाजूंनी धरा आणि लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बोट सुटू देऊ नका, मुलाच्या मापाचं आहे ना तेही बघा. पावसाळ्यातली सुट्टी असेल तर बोटीचा विचारच नको, गिरगाव चौपाटीवर जा.

शनिवार मुद्दाम हलका ठेवा. सकाळी अंघोळ, नाश्ता, दुपारपर्यंत झोप. चारला गेटवे आणि बोट, सूर्य कलला की टॅक्सीनं मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसायचं, मुलांना भेळ, आईंना वारा. बस, एवढंच. पहिल्या दिवशी दमलेलं घर दुसऱ्या दिवशी चिडचिड करतं, हे मी फार वेळा पाहिलंय.

रविवार हा तुमचा खरा दिवस. सकाळी सातच्या आत सिद्धिविनायक. जितकं लवकर जाल तितकी रांग लहान, आणि ज्येष्ठांना वेगळं सोडतात का ते दारावरच्या सुरक्षारक्षकाला विचारा, उगाच मोठ्या रांगेत उभे राहू नका. दर्शन झालं की दादरला नाश्ता. सेनाभवनासमोर आस्वाद आहे, रविवारी तिथेही बाहेर थांबावं लागतं, पण सकाळी लवकर गेलात तर बसायला मिळतं. तिथून टॅक्सीनं भायखळ्याला राणीची बाग, तिकीट खिडकी उघडायच्या सुमारास. बाग बुधवारी बंद असते, रविवारी उघडी. पेंग्विन आधी बघून घ्या, अकरानंतर तिथे गर्दीचा लोट येतो. मोठमोठी जुनी झाडं, सावली, बाकं, बऱ्यापैकी सपाट वाट. आई-वडिलांना एका बाकावर बसवून तुम्ही मुलांना फिरवून आणलं तरी त्यांचा वेळ छान जातो. एकपर्यंत बाहेर पडा. दुपारी सगळ्यांनी झोपा. संध्याकाळी आई-वडिलांना हवं तर हॉटेलवरच राहू द्या आणि तुम्ही मुलांना घेऊन वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र करा. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच जायला हवं हा हट्ट सोडला की सगळ्यांनाच मोकळं वाटतं.

फिरण्याविषयी दोन-तीन गोष्टी सोलापूरहून जाणाऱ्याला आधी माहीत हव्यात. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही. हात केला की रिक्षा थांबेल हा आपला हिशेब तिथे चालत नाही. काळी-पिवळी टॅक्सी चार माणसं घेते, म्हणून सहा जणांना दोन टॅक्स्या किंवा ॲपवरून मोठी गाडी लागेल. दोन टॅक्स्या केल्यात तर एका टॅक्सीत तुम्ही, दुसरीत तुमची पत्नी, आणि दोघांकडेही उतरायच्या ठिकाणाचं नाव लिहिलेलं हवं. रविवारी लोकलवर बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही गाड्या बंद ठेवतात, मध्य आणि हार्बरवर साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. तेवढ्या वेळात लोकलवर भिस्त ठेवू नका.

आणि भुयारी मेट्रो वापरा. कफ परेडपर्यंतची पूर्ण मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून सुरू आहे. सीएसएमटी, सिद्धिविनायक, दादर आणि विज्ञान केंद्राजवळचं स्थानक, तुमच्या कामाची ठिकाणं याच एका मार्गावर आहेत. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, थंड हवा आहे. आईंना घेऊन दादरची लोकल पकडायला मी सांगणार नाही, पण मेट्रोत त्या आरामात जातील. रविवारची पहिली गाडी किती वाजता असते तेवढं आदल्या दिवशी बघून ठेवा आणि सिद्धिविनायकाला जाताना वेळ जुळत नसेल तर टॅक्सी करा. मुलीला लोकलमध्ये बसायचंच असेल तर सोमवारी सकाळी तुम्ही आणि ती दोघंच सीएसएमटीहून सुटणाऱ्या धीम्या गाडीत बसा, भायखळ्यापर्यंत जा आणि परत या. गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे खिडकी मिळते.

सोमवारी जवळपासच राहा. नेहरू तारांगण, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि एलिफंटा ही तिन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात. सुट्टी राष्ट्रीय असेल तर संग्रहालयांनाही फोन करून विचारा, काही त्या दिवशी बंद असतात. उघडं असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय फोर्टच्या मुक्कामापासून जवळ आहे. बंद असेल तर सीएसएमटीची इमारतच नीट बघा. २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे, आणि रोज लाखो माणसं तिच्याकडे न बघता तिच्यातून जातात. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ आहे, ते मुलांना शोधायला लावा, मग भिंतींवर कोरलेले बाकीचे प्राणी-पक्षी ती आपणहून शोधू लागतील. जेवण एक वाजता, हॉटेल अडीचला सोडायचं, तीन-सव्वातीनला फलाटावर. दुपारी बारानंतर खोली ठेवायचे थोडे जास्त पैसे घेतात का ते शनिवारीच विचारा, आईंना जेवणानंतर तासभर पडता येईल.

डब्यात काय न्यायचं ते तुम्हाला मी सांगायला नको. कडक भाकरी आणि शेंगाचटणी जास्तीची घ्या, दोन दिवस टिकते आणि बाहेरचं खाऊन कंटाळलेल्या वडिलांना रविवारी रात्री तीच हवीशी वाटते. गुडघ्याचं औषध, तेल आणि पट्टा आईंच्या हातपिशवीत असू द्या, मोठ्या बॅगेत नको. त्यांचं तिकीट वेगळं असल्यामुळे ओळखपत्रही त्यांच्याजवळच हवं.

पावसाळ्यातली सुट्टी असेल तर घाटात गाड्या उशिरा धावू शकतात, तेव्हा शनिवारची सकाळ आणखी मोकळी ठेवा.

बुकिंगच्या आधी आजच एक काम करा. तुमच्या आयआरसीटीसी खात्याची आधार पडताळणी झाली आहे का ते बघा. आता ती नसेल तर बुकिंग उघडतं त्या सुरुवातीच्या वेळात तिकीट काढता येत नाही, आणि जोडून आलेल्या सुट्टीच्या जागा जातात त्या त्याच वेळात. सहाही जणांची नावं आणि वयं खात्यातल्या प्रवासी यादीत भरून ठेवा, आठला टाइप करत बसायला वेळ नसतो. सुट्टीचा महिना कोणता आणि आईंना नेमक्या किती पायऱ्या जमतात ते कळवलंत तर रविवारचा दिवस मी आणखी नीट बसवून देईन.